संगीतावर घर चालवायचं तर आधी नागपूरचं वर्ष मांडा

डिसेंबरातल्या एका शनिवारी तीन-तीन फोन येतात आणि जुलैत महिनाभर कुणी विचारत नाही. नागपुरात नोकरी न करता, कुठल्या एका संस्थेला न बांधून घेता गाणाऱ्या-वाजवणाऱ्याची खरी अडचण इथे आहे. डिसेंबरच्या कमाईवर महिन्याचा खर्च बेतला की पावसाळ्यात कीबोर्ड विकायची पाळी येते. म्हणून पुढचा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे: आधी वर्ष, मग दर, मग कार्यक्रम, मग शिकवणी, आणि सगळ्यात शेवटी रेकॉर्डिंग व रॉयल्टी. नवीन मुलं नेमकं उलट करतात. पहिलं गाणं काढण्यात साठवलेले पैसे घालतात आणि व्ह्यूज मोजत बसतात.

वर्षाची वही

वहीत बारा रकाने पाडा आणि आपल्या प्रकारच्या संगीताला कुठल्या महिन्यात मागणी आहे ते लिहा. ढोबळ चित्र असं दिसेल.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. शिकवणीचे प्रवेश तेव्हा होतात, त्यामुळे जाहिरात, डेमो क्लास, वेळापत्रक हे सगळं जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तयार हवं. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो आणि लग्नं थांबतात. अभंगांचे कार्यक्रम, गुरुपौर्णिमा, श्रावणातली भजनं यांत बिदागी थोडी असते, पण हेच लोक पुढे गणपतीत आणि दिवाळीत बोलावतात, म्हणून हे दिवस टाळू नयेत.

गणेशोत्सवापासून दिवाळीपर्यंत मंडळं, महालक्ष्म्या, नवरात्रातली जागरणं, कोजागिरी आणि दिवाळी पहाट. भीमगीतं गाणाऱ्यांसाठी धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि १४ एप्रिल या दोन तारखांच्या आगेमागे नागपूर शहरापासून खेड्यापाड्यांपर्यंत काम असतं. तुळशीच्या लग्नानंतर फेब्रुवारीपर्यंत लॉन, मंगल कार्यालयं, हळद, संगीत, रिसेप्शन, शाळा-कॉलेजांची स्नेहसंमेलनं, थर्टी फर्स्ट. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतं आणि पोलीस बंदोबस्तात गुंतलेले असतात, म्हणून उघड्यावरच्या कार्यक्रमाच्या परवानगीचा अर्ज आयोजकाला लवकर टाकायला लावा. मार्च परीक्षांचा, जवळपास कोरडा. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत पुन्हा लग्नं, पण सगळी रात्रीची. दिवसा उन्हाळी शिबिरं.

एक मार्ग शहरातले बरेच वादक विसरतात: झाडीपट्टी. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात दिवाळीनंतर मंडईच्या (गावोगावच्या जत्रांच्या) दिवसांपासून होळीच्या आसपासपर्यंत रात्रभर नाटकं चालतात आणि त्यांत वाद्यवृंद प्रत्यक्ष बसलेला असतो. नाटक मंडळ्यांची कार्यालयं देसाईगंज म्हणजे वडशाला आहेत. ऑर्गन, तबला-ढोलक, ऑक्टोपॅड वाजवणाऱ्याला आणि खड्या आवाजात पदं म्हणणाऱ्याला तिथे सलग रात्री मिळतात. बोलणी दिवाळीच्या बरीच आधी होतात. नोव्हेंबरात जाऊन उपयोग नाही. मात्र संपूर्ण सीझन झाडीपट्टीला दिला तर शहरातली लग्नं हातची जातात. दोन्हीकडे अर्धवट शब्द देऊन ठेवणारा वादक दोन्हीकडून जातो.

आता आकडे. हे बाजारभाव नाहीत, हिशेबाची रीत कळावी म्हणून धरलेत. घराला महिना ३०,००० लागतात, म्हणजे वर्षाला ३,६०,०००. शिकवणीला १८ विद्यार्थी, महिना १,०००. फी बाराही महिने येते असं धरू नका. दिवाळी आणि उन्हाळ्याची गळती वजा करून दहाच महिने धरा. झाले १,८०,०००. उरलेले १,८०,००० कार्यक्रमांतून काढायचे. कधी स्वतःच्या कार्यक्रमात ६,००० सुटतात, कधी दुसऱ्याच्या साथीला ३,००० मिळतात. सरासरी ४,००० धरली तर वर्षाला ४५ कार्यक्रम हवेत. ते वाटून पाहा: नोव्हेंबर ते फेब्रुवारी २४, एप्रिल ते जून १०, गणपती ते दिवाळी ११. वाटणी करताना आकडा बसला नाही तर कार्यक्रम वाढवण्याआधी विद्यार्थी वाढवा, कारण शनिवार-रविवार वर्षात ठरावीकच आहेत.

बँकेत दोन खाती ठेवा. सगळी कमाई एका खात्यात, आणि दर एक तारखेला त्यातून फक्त ३०,००० घरखात्यात. जानेवारीत कितीही आले तरी तेवढेच. पूर्ण वेळ उतरण्याआधी निदान तीन महिन्यांचा खर्च, म्हणजे या उदाहरणात ९०,०००, बाजूला हवा. तो नसेल तर अर्धवेळ नोकरी सोडायची घाई करू नये.

सुपारी घेताना दर कसा काढायचा

"किती घेता?" या प्रश्नाला फोनवर तत्काळ आकडा सांगितला की बहुधा नुकसान होतं. आधी पाच गोष्टी विचारा: तारीख, ठिकाण, किती वेळ, साउंड कुणाचा, आणि कार्यक्रम बंदिस्त सभागृहात की उघड्यावर. मग कागदावर खालून वर जा.

समजा वर्ध्याला दोन तासांचा सुगम संगीताचा कार्यक्रम आहे. जाऊन-येऊन साधारण दीडशे किलोमीटर. पाच साथीदार प्रत्येकी ३,००० प्रमाणे १५,०००. मोठी गाडी, डिझेल, टोल, ड्रायव्हर मिळून ४,५००. चहा-जेवण १,२००. दोन तालमींची जागा १,०००. वाद्यांची झीज, तारा, तबल्याची पुडी (कातडं), बॅटऱ्या ५००. झाले २२,२००. स्वतःचं मानधन ६,००० मिळवलं की २८,२००. ऐनवेळच्या खर्चासाठी १० टक्के, म्हणजे २,८२०. आयोजकाला आकडा सांगायचा ३१,०००, "साउंड तुमच्याकडे" असं स्पष्ट करून. साउंडही तुम्हीच आणणार असाल तर ती ओळ वेगळी दाखवा. एकाच आकड्यात साउंड गुंडाळला की आयोजक घासाघीस करतो, आणि कापला जातो तबलजी.

आयोजक खाली आणायला लागला तर दर उतरवण्याऐवजी माणूस किंवा वेळ कमी करा: सहाऐवजी चार जण, दोन तासांऐवजी सव्वा तास. तेवढ्याच माणसांत, तेवढ्याच वेळात दर तोडला की पुढच्या वर्षी तोच तुमचा भाव ठरतो, आणि नागपूर लहान आहे, तो भाव धरमपेठेतून मानेवाड्याला जायला आठवडा लागत नाही. फुकट करायचंच असेल, एखाद्या स्मृतिदिनाला किंवा संस्थेसाठी, तर स्वतःचं मानधन पूर्ण सोडा. गाडीखर्च आणि साथीदारांचे पैसे तेवढे घ्या. अर्ध्या दरातला उपकार कुणाच्या लक्षात राहत नाही.

लग्नाची कामं कुठून येतात? थेट घरच्यांकडून कमी. लॉनचे मॅनेजर, बिछायत केंद्रवाले, डेकोरेशनवाले, फोटोग्राफर, निवेदक यांच्याकडून जास्त. त्यांच्यासाठी तीन मिनिटांचा एकच व्हिडिओ तयार ठेवा: तीन गाणी, प्रत्येकी एक मिनिट, कॅमेरा स्थिर, आवाज थेट मिक्सरमधून घेतलेला. मोबाइलच्या माइकवर घेतलेला, टाळ्या-शिट्ट्यांनी भरलेला व्हिडिओ कुणी दहा सेकंदांपुढे पाहत नाही. मध्यस्थाचं कमिशन आधी ठरवा आणि दरात धरा. कार्यक्रमानंतर त्यावरून बिनसलं की पुढचे कार्यक्रमही जातात.

तोंडी शब्द आणि लेखी मजकूर

करारनामा म्हटलं की लग्नघरचा माणूस बिचकतो. व्हॉट्सॲपवरचा एक मजकूर पुरतो, फक्त समोरून "मान्य" असं उत्तर यायला हवं. असा काहीसा:

"नमस्कार काका. शनिवार, १२ डिसेंबर, सायं. ७.३० ते ९.३०, तुमच्या रिसेप्शनला आमचा सहा जणांचा सुगम संगीताचा कार्यक्रम नक्की करतो. मानधन ३१,०००. त्यातले १५,५०० आज आगाऊ, उरलेले १५,५०० स्टेजवर बसण्याआधी. साउंड, १२ चॅनलचा मिक्सर, ३ मॉनिटर आणि अर्थिंग असलेली वीज तुमच्या बाजूने. साउंड चेक ५.३० ला. वेळ तुमच्याकडून लांबल्यास दर अर्ध्या तासाला ३,०००. दहा दिवसांच्या आत रद्द झाल्यास आगाऊ रक्कम परत होणार नाही. आमच्याकडून रद्द झाल्यास पूर्ण परत. सहा जणांचं जेवण. मान्य असल्यास कळवा."

यातलं प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या भांडणातून आलेलं असतं. "उरलेले कार्यक्रम झाल्यावर देतो" हे सगळ्यात महागात पडतं. रात्री साडेदहाला यजमान पाहुण्यांना निरोप देत असतो, पैसे मामाकडे असतात आणि मामा निघून गेलेला असतो. वेळ लांबण्याचं वाक्यही हवंच, कारण वरात उशिरा येणं हा अपवाद नाही.

आगाऊ रक्कम हातात पडेपर्यंत तारीख पक्की धरू नका, साथीदारांनाही तसंच सांगा. साथीदारांचे पैसे मात्र आयोजकाने तुम्हाला दिले-न दिले याच्याशी न जोडता त्याच रात्री द्या. चांगला ढोलकवाला लग्नसराईत कुणाकडे जातो, ते यावर ठरतं.

स्टेज, वीज, आवाज

कार्यक्रम फसतो तो बहुतेक वेळा गळ्यामुळे नाही, वायरीमुळे. आयोजकाच्या साउंडवाल्याला दोन दिवस आधी एका पानावर यादी पाठवा. वरच्या सहा जणांसाठी: दोन गायकांना दोन डायनॅमिक माइक, हार्मोनियमला एक, तबल्याला दोन, कीबोर्डला दोन लाइन आणि त्यांना डीआय बॉक्स (वाद्य थेट मिक्सरला जोडणारी छोटी पेटी), बासरीला एक, निवेदकाला एक कॉर्डलेस. झाले नऊ चॅनल. म्हणून १२ चा मिक्सर मागायचा, तीन शिल्लक. तबलजीच्या बाजूला मॉनिटर (कलाकारांकडे तोंड केलेला स्पीकर) नसला की लय ओढली जाते, आणि दोष गायकाला लागतो.

लॉनवर अर्थिंग नसणं नेहमीचं. कीबोर्ड लावला की भुणभुण येते, माइकला ओठ लागला की झिणझिणी येते. भुणभुण डीआय बॉक्सवरच्या ग्राउंड लिफ्टच्या खटक्याने बरेचदा जाते. झिणझिण्या आल्या तर मात्र गाऊ नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा. जनरेटर सुरू-बंद होताना व्होल्टेज उडी मारतं, तेव्हा कीबोर्ड आणि लॅपटॉप छोट्या यूपीएसवर ठेवा.

हार्मोनियम आणि कीबोर्ड यांचा सूर जुळत नाही, कारण जुन्या पेट्या नेमक्या ४४० हर्ट्झला, म्हणजे कीबोर्डच्या ठरलेल्या सुराला, नसतात. कीबोर्डच्या मास्टर ट्यूनिंगमध्ये थोडं वर-खाली करून तो पेटीला जुळवायचा, आणि हे तालमीत करून आकडा लिहून ठेवायचा. बासरीवाल्याला पट्ट्या (कुठलं गाणं कुठल्या स्वरापासून ते) आधी कळवा. त्याला ऐनवेळी काळी दोनची काळी तीन करून मिळत नाही.

मे महिन्यातल्या लॉनवर स्टेजच्या दोन्ही बाजूंना भलेमोठे कूलर लावतात. कोरड्या उन्हात तबल्याचं कातडं ताणून सूर चढलेला असतो. त्यावर कूलरची ओली हवा बसली की तोच सूर वीस मिनिटांत उतरतो. कूलरचं तोंड प्रेक्षकांकडे करायला सांगा आणि तबला पहिल्या गाण्यापर्यंत कापडाखाली ठेवा. पावसाळ्यात उलट, कातडं सैल असतं, तेव्हा हातोडीचं काम वाढतं. दोन तबले वेगळ्या पट्ट्यांचे नेणं हा साधा विमा आहे.

कायदा लक्षात ठेवा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देता येते. ते दिवस कोणते हे प्रशासन जाहीर करतं. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. दिवाळी पहाट मैदानावर असेल तर साउंड चेक आदल्या संध्याकाळी उरकावा लागतो, कारण पहाटे ६ च्या आधी "हॅलो, चेक" म्हणणंही नियमात बसत नाही. लग्नाच्या कार्यक्रमात १०.१५ ला पोलीस आले तर राहिलेल्या गाण्यांचे पैसे कापले जाऊ नयेत, म्हणून कार्यक्रमाची वेळच ९.३० ला संपणारी ठरवा.

स्वतःचा तिकीट लावलेला कार्यक्रम करायचा झाला तर रेशीमबागेच्या सुरेश भट सभागृहाकडे पाहून भुलू नका. ती जागा पहिल्या प्रयोगाची नाही. सायंटिफिक सभागृहासारखी मध्यम जागा किंवा घरातली बैठक बरी. दिवाणखान्यात ४० श्रोते, प्रत्येकी ३००, म्हणजे १२,०००; साउंडचा खर्च नाही, तबला-पेटीची बिदागी देऊन काही हातात उरतं, आणि ते चाळीस जण पुढच्या वेळी फोन न करता येतात.

सिव्हिल लाइन्समधल्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या महोत्सवांसाठी आणि आकाशवाणीच्या स्वर-चाचणीसाठी अर्ज करून ठेवावा. आकाशवाणीची श्रेणी बी, बी-हाय, ए आणि टॉप अशी चढत जाते. यातून घर चालत नाही. पण सरकारी कार्यक्रमांत आणि बाहेरगावच्या आयोजकांपुढे श्रेणी सांगता येते. १८ ते २५ वयाच्यांसाठी केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकार शिष्यवृत्ती आहे, महिना ५,००० प्रमाणे दोन वर्षं. अर्ज दरवर्षी मागवतात.

शिकवणी

कमीपणाची गोष्ट म्हणून शिकवणीकडे पाहणारे वादक पाच वर्षांनी नोकरी शोधताना दिसतात. जुलै आणि मार्चमध्ये चूल तिच्यावर पेटते.

फी महिन्याच्या ५ तारखेपर्यंत आगाऊ. विद्यार्थी आला नाही तर तास बुडाला. तुम्ही आला नाहीत तर भरून द्यायचा. हे पहिल्याच दिवशी पालकांना छापील कागदावर द्या. डिसेंबरात कार्यक्रमांमुळे तुमचेच तास बुडणार हे उघड आहे, म्हणून लग्नसराईत शनिवार-रविवारच्या बॅचेस ठेवूच नका. मंगळ-गुरू किंवा बुध-शुक्र ठेवा. घरी जाऊन शिकवत असाल तर दर वेगळा लावा: त्रिमूर्तीनगरहून नंदनवनला जाऊन-येऊन जाणारा तास हाही तुमचाच तास आहे.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोन सत्रांत होतात, प्रारंभिकपासून विशारद, अलंकारपर्यंत. दहावीला शास्त्रीय गायन-वादनाच्या परीक्षांसाठी वाढीव गुणांची तरतूद असल्याने आठवी-नववीचे पालक ऐनवेळी येतात आणि "एका वर्षात तीन परीक्षा होतील का?" विचारतात. नाही होणार, असं सांगा. पाचवी-सहावीत सुरू केलेल्या मुलालाच त्याचा फायदा मिळतो, आणि तोच विद्यार्थी पाच वर्षं टिकतो. परीक्षा शुल्क आणि परीक्षेच्या साथीदाराचा खर्च महिन्याच्या फीमध्ये मिसळू नका.

परदेशातल्या मराठी घरांतून ऑनलाइन शिकवणीला मागणी आहे. आपल्याकडे सकाळी ६.३० वाजतात तेव्हा कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात आदल्या दिवसाचे संध्याकाळी ६ असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात, म्हणजे मुलासाठी ६ च ठेवायचे तर तुम्हाला ७.३० ला बसावं लागतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी परत पूर्ववत. हे न सांगितल्यामुळे वर्षातून दोनदा तास चुकतात. झूमवर "ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स" सुरू करा, नाहीतर ते तानपुऱ्याला गोंगाट समजून पुसून टाकतं. आणि दोन्ही टोकांना एकत्र वाजवायचा हट्ट सोडा. आवाज पोचायला लागणाऱ्या वेळामुळे सम कधीच सापडत नाही. तानपुरा आणि ठेका विद्यार्थ्याच्या बाजूला लावायचा, तुम्ही फक्त ऐकायचं.

गाणं काढताना

रेकॉर्डिंगला कमाईचा मार्ग न समजता ओळखपत्र समजलं की खर्चाचा अंदाज बरोबर येतो. घरी करायचं तर दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, एक कंडेन्सर माइक, कान पूर्ण झाकणारे हेडफोन. नागपुरात खरा शत्रू कूलर आहे: तो चालू असला तर घरघर येते, बंद केला तर मे महिन्यात गायक पंधरा मिनिटं टिकत नाही. गायन डिसेंबर-जानेवारीत घेऊन ठेवा किंवा पहाटे पाचला. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे पाठ करून गा आणि बाजूला रजया टांगा. घुमणारी खोली नंतर मिक्सिंगमध्ये सुधारता येत नाही.

प्रकाशनाचा क्रम असा:

१. गीतकार, संगीतकार, गायक, संयोजक यांची वाटणी टक्क्यांत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. गाणं चालल्यावर हा कागद कुणी करत नाही.

२. नावांचं स्पेलिंग एकदाच ठरवा. एका गाण्यावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं असलं की स्पॉटिफाय दोन वेगळे कलाकार बनवतं.

३. वाव फाइल आणि ३००० बाय ३००० पिक्सेलचं चौकोनी चित्र घेऊन डिस्ट्रिब्युटरकडे (गाणं स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणारी कंपनी: डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर वगैरे) निदान तीन-चार आठवडे आधी द्या. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं तर प्रकाशनाच्या किमान ७ दिवस आधी.

४. प्रत्येक गाण्याला मिळणारा बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी (ध्वनिमुद्रणाचा ओळख) क्रमांक वहीत उतरवा. डिस्ट्रिब्युटर बदलला तरी तोच वापरायचा.

५. विकत किंवा फुकट घेतलेले लूप (तयार वाजवलेले तुकडे) वापरले असतील तर यूट्यूबचं कंटेंट आयडी (तुमचा आवाज इतरांच्या व्हिडिओत शोधून दावा करणारी सोय) सुरू करू नका. तेच लूप इतरांच्या गाण्यातही असतात, तुमचा दावा त्यांच्यावर जातो आणि खातं अडचणीत येतं.

अपेक्षा आवरा. स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत १,००० स्ट्रीम न झालेल्या गाण्याला पैसेच मिळत नाहीत. यूट्यूबवर जाहिरातींचे पैसे मिळायला १,००० सदस्य आणि बारा महिन्यांत ४,००० तास, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज लागतात. पैसे खात्यात यायला १०० डॉलर साठावे लागतात. करविषयक माहितीचा फॉर्म भरला नाही तर गूगल सगळ्या कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कापू शकतं. भरल्यास फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या वाट्यातून, भारत-अमेरिका कर करारानुसार १५ टक्के. "दहा हजारांत एक लाख स्ट्रीम" विकणाऱ्यांपासून लांब राहा: ते बॉट असतात आणि गाणं काढून टाकलं जातं.

दुसऱ्याचं गाणं गाऊन टाकलं तर जाहिरातीचा पैसा सहसा मूळ मालकाकडे जातो. संतांचे अभंग खुले आहेत, पण गाजलेली चाल ज्याने बांधली त्याचा हक्क वेगळा असू शकतो; म्हणून शब्द जुने घ्या आणि चाल स्वतःची करा. विदर्भात यात एक चूक सर्रास होते. कवीच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं शब्दांवर हक्क राहतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं निधन १९६८ चं, म्हणजे त्यांची भजनं २०२८ संपेपर्यंत खुली होत नाहीत. सुरेश भट २००३ मध्ये गेले; त्यांच्या गझला नव्या चालीत रेकॉर्ड करायच्या तर २०६३ अखेरपर्यंत लेखी परवानगी हवी.

हक्कांचे पैसे

स्वतः लिहीत किंवा चाल बांधत असाल तर आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सदस्यत्व घ्या आणि प्रत्येक गाणं तिथे नोंदवा. गायक-वादकांच्या हक्कांसाठी इसामरा (आधीची इसरा) ही संस्था आहे. डिस्ट्रिब्युटरकडून येणारे पैसे ध्वनिमुद्रणाचे असतात. शब्द आणि चालीचे पैसे वेगळ्या वाटेने येतात, ही गोष्ट माहीत नसल्यामुळे ते पडून राहतात.

संगीत कंपनीने "हक्क आमचे, प्रसिद्धी आमची" असा कागद पुढे केला तर मुदत आणि प्रदेश या दोन ओळी आधी वाचा. कायद्याने, मुदत लिहिलेली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांचं आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारतापुरतं धरलं जातं. म्हणूनच कंपन्या "कायमचं" आणि "जगभर" हे शब्द न विसरता घालतात. पाच वर्षं, आणि गाणं एका वर्षात प्रकाशित न झाल्यास हक्क परत, एवढं तरी मागून पाहा.

लग्नात सिनेमातली गाणी वाजवायला परवाना लागतो का, यावर हॉटेलवाले अडवतात. विवाहाच्या वरातीला आणि विवाहाशी जोडलेल्या समारंभांना कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(झेडए) मध्ये सूट आहे, आणि केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये परिपत्रक काढून तेच पुन्हा सांगितलं. थर्टी फर्स्टचा तिकिटाचा कार्यक्रम वेगळा. तिथे परवाना आयोजकाने काढायचा, आणि हे तुमच्या लेखी मजकुरात असू द्या.

कर

कंपनी, कॉलेज किंवा हॉटेल मानधनातून बहुधा १० टक्के टीडीएस (आधीच कापून भरलेला आयकर) कापतं, एका देणाऱ्याकडून वर्षात ५०,००० च्या वर गेल्यावर. पॅन दिला नाही तर २० टक्के. ६०,००० च्या कार्यक्रमात हातात ५४,००० येतात, पण साथीदारांना ठरलेले ४०,००० पूर्णच द्यायचे असतात. म्हणजे त्या रात्री तुमच्याकडे २०,००० ऐवजी १४,००० राहतात. कापलेले ६,००० विवरणपत्र भरल्याशिवाय परत येत नाहीत, म्हणून उत्पन्न करपात्र नसलं तरी ते भरा.

सरकारी नोंदीत ते साठही हजार तुमच्या नावावर दिसतात. साथीदारांचे पैसे रोख, पावतीविना दिले असतील तर खर्च दाखवणं अवघड जातं आणि त्यांच्या कमाईवरचा कर तुमच्या माथी बसतो. त्यांना यूपीआयने द्या, तारखेसह एका ओळीची पावती घ्या.

जीएसटीची नोंदणी वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेल्यावर. शास्त्रीय किंवा लोककला सादर करणाऱ्या कलाकाराचं एका कार्यक्रमाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटी माफ आहे. सिनेसंगीताच्या कार्यक्रमाला ती माफी नाही. उलाढाल मोजताना मात्र सगळे कार्यक्रम धरले जातात, त्यामुळे मोठा वाद्यवृंद स्वतःच्या नावावर चालवणाऱ्याने हा आकडा दर तिमाहीला पाहावा आणि १५ लाखांच्या आसपास पोचल्यावर सीएकडे जावं.